देवळापुढची मोकळी जागा

२२ जुलै जवळ आला की तळीयेवर लिहायचं हे गेली काही वर्षं ठरलेलंच आहे. किती घरं झाली, चाव्या कोणाला मिळाल्या, पाणी आलं का, रस्ता झाला का. पत्रकार म्हणून मी हेच विचारत आलो. आज थोडं वेगळं लिहितोय. पोस्ट मोठी आहे, पण आपल्या लोकांनी शेवटपर्यंत वाचावी.

२२ जुलै २०२१. सावित्रीचं पाणी महाडात शिरलेलं, फोन बंद, रस्ते बंद. त्याच दिवशी तळीयेत कोंढाळकरवाडीवर डोंगर आला. ऐंशीहून जास्त माणसं गेली. मदत पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. काही दिवसांनी शोध थांबवला, तेव्हाही कितीतरी जण मातीखालीच होते. त्यांना कागदावर मृत जाहीर केलं गेलं. म्हणजे त्या घरच्यांना ना मुख बघायला मिळालं, ना अग्नी देता आला. त्यांनी हात जोडायचे कुठे उभं राहून?

हा प्रश्न मी एकदाही बातमीत विचारला नाही. आकडा मागितला तो घरांचा.

आपल्या महाड-पोलादपूरकडची वाडी कशी असते ते तुम्हाला सांगायला नको. घरं उतारावर, जागा मिळेल तशी. सपाट, मोकळी जागा असते ती ग्रामदेवतेच्या देवळापुढे. शिमग्यात पालखी सहाणेवर बसते ती तिथेच. सप्ताहाचा मांडव तिथेच, गावकीची बैठक तिथेच, मुंबईकर मंडळी गणपतीला आली की वर्गणीवरून भांडणंही तिथेच. कोणी गेलं की दहावं-बारावं उरकल्यावर म्हातारी माणसं पायरीवर येऊन गप बसतात, तेही तिथेच. सातबाऱ्यावर या जागेचं मोल फार नसेल, पण गाव म्हणून माणसं एकत्र येतात ती इथे.

आपल्याच तालुक्यात रायगडावर बघा. जगदीश्वराच्या देवळासमोर महाराजांची समाधी. वर गेलेला माणूस बाजारपेठेत मोठ्याने बोलतो, फोटो काढतो, आणि तिथे पोचला की आपोआप आवाज खाली आणतो. चार भिंतींतल्या गाभाऱ्याबाहेर, उघड्यावर, कोणीही उभं राहू शकेल अशी ती जागा आहे.

पण 'कोणीही' हा शब्द महाडात जपून वापरावा लागतो. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह चवदार तळ्यावर गेले, पाणी प्यायले. पाठोपाठ गावात अफवा उठली की आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार. त्या अफवेवर जमाव परिषदेच्या मांडवात घुसला आणि माणसांना मारहाण झाली. त्याच वर्षी २५ डिसेंबरला पुन्हा परिषद भरवायची तर जागा कोणी देईना. शेवटी फत्तेखान यांनी आपली जमीन दिली. तळ्याचा खटला मुंबई हायकोर्टात १७ मार्च १९३७ ला संपला. जमायला जागा मिळणं हीसुद्धा या गावात लढून मिळवलेली गोष्ट आहे. आज २० मार्चला चवदार तळ्यावर लोटणारी गर्दी बघताना हे आठवावं.

हे फक्त आपल्याकडचं नाही. मडगावला होली स्पिरिट चर्चसमोर केवढा मोठा चौक आहे, मधे उंच क्रूस. प्रार्थना आत होते, गाव भेटतं बाहेर.

आणि तळीयेशी अगदी जुळणारी गोष्ट वेल्समधल्या ॲबरफॅनची. २१ ऑक्टोबर १९६६ ला कोळसाखाणीच्या कचऱ्याचा डोंगर घसरून शाळेवर आला. १४४ जण गेले, त्यात ११६ मुलं. मृतदेह ओळखायला ठेवले ते गावातल्या बेथानिया चॅपलमध्ये. पुढे ते चॅपल पाडून नवं बांधलं. आणि शाळा होती त्या जागेवर काय केलं? इमारत नाही बांधली. बाग केली. लोक आजही तिथे येऊन बसतात.

आता आपल्याकडे. २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते. २०२१ ला तळीये, त्याच पावसात पोलादपूरला केवनाळे आणि साखर सुतारवाडी. २०२३ ला खालापूरची इर्शाळवाडी. दरवेळी पुनर्वसन म्हटलं की घरांचा आराखडा येतो. एकसारख्या रांगा, नंबर घातलेले दरवाजे. घर हवंच, त्यात वाद नाही.

पण २०१३ च्या भूसंपादन आणि पुनर्वसन कायद्याची तिसरी अनुसूची काढून वाचा. रस्ते, पाणी, शाळा, स्मशानभूमी या यादीतच लिहिलंय की दर पन्नास कुटुंबांमागे प्रार्थनास्थळ आणि लोकांना जमायला चावडी किंवा झाडाचा पार हवा. हा कायदा प्रकल्पासाठी जमीन घेतली तर लागतो, दरडीला नाही. ठीक आहे. पण धरणग्रस्ताला पार लागतो हे सरकारला कळतं, तर दरडग्रस्ताला लागत नाही असं थोडंच आहे?

माझं म्हणणं एवढंच. दरडीनंतर जिथे जिथे नवी वसाहत होईल, तिथे नकाशावर पहिली रेघ घरांची नको, त्या मोकळ्या जागेची मारा. एक झाड, त्याला दगडी पार, पालखी बसेल एवढी सहाण, आणि गेलेल्यांची नावं. सगळ्या आळ्यांची, सगळ्या जातींची माणसं बसतील अशी. खर्च एका घराएवढाही येणार नाही.

तळीयेच्या आणि आजूबाजूच्या वाड्यांतल्या मंडळींनो, तुमच्या जुन्या देवळापुढे काय काय व्हायचं ते खाली लिहा. नव्या ठिकाणी तुम्ही एकत्र कुठे बसता तेही लिहा. यंदाच्या बातमीत घरांच्या आकड्याआधी मी हेच विचारणार आहे.