आजोबांची दुनळी

परवा दिवाळीत निलंग्याला गेलो होतो. काकांनी कपाटातली दुनळी बाहेर काढली अन् म्हणाले, "ही विकून टाकावी म्हणतो. किती जुनी हाय, काय येतंय, बघ की जरा."

या बंदुकीची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. बंदूक निजामाच्या काळातली. १९४८ साली, रझाकारांच्या धामधुमीत, आजोबा हीच घेऊन रात्रभर माळवदावर बसायचे. तेव्हा निलंगा हैदराबाद संस्थानात, बिदर जिल्ह्यात होतं. १७ सप्टेंबरला निजाम शरण आला तोवर आमच्या वाड्याला कुणी हात लावला नाही, तो या बंदुकीमुळे!

म्हटलं चला, कोडमधला बग शोधतो तसं शोधू.

लायसन्स काकांच्या नावावर, त्यामुळे बंदूक त्यांनीच उघडली, रिकामी असल्याची खात्री केली. मी फक्त मोबाइलचा टॉर्च धरला. बारा बोअर. (म्हणजे एक पौंड शिशाच्या १२ सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक बरोब्बर मावेल एवढी नळी. साधारण साडेअठरा मिलिमीटर.) नळीवर लाकडाच्या रेषांसारखी दमास्कस नक्षी असती तर बंदूक बहुधा १९०० च्या आधीची. ती नव्हती. बाहेर दिसणारे घोडेही नव्हते. पण बिनघोड्याची अ‍ॅन्सन-डीली रचना १८७५ पासूनची, त्यामुळे त्यावरून काही ठरेना.

खरी जन्मतारीख नळ्यांच्या खालच्या बाजूला असते. इंग्लंडमध्ये प्रत्येक नळी जास्तीचा बार उडवून तपासायची आणि शिक्का मारायचा, असा कायदाच आहे. बर्मिंगहॅमचं तपासणीघर १८१३ पासून हेच करतंय. शिक्क्यांचे नियम मधून मधून बदलले, आणि आपल्याला तेच उपयोगी. १९०४ च्या नियमांत मुकुटाखाली बीपी, बीव्ही, एनपी असे वेगवेगळे शिक्के. १९५४ च्या नियमांनंतर एकच बीएनपी, आणि शेजारी दाब टनांमध्ये.

आमच्या नळीवर मुकुट, बीएनपी, ३ टन. फेरतपासणीचा 'आर' कुठेही नाही.

म्हणजे १९४८ साली ही बंदूक जन्मालाच आली नव्हती.

काकांना कसं सांगावं कळेना. सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग हसले. "ठाऊक हाय मला. चौसष्ट साली आबांनी हैदराबादहून आणली, मी नऊ वर्षांचा होतो. त्या टायमाला कुठली बंदूक रे? आई सांगायची, आबा काठी घेऊन बसायचे. घरात माणूस जागा हाय हे कळावं म्हणून रातभर खोकत बसायचे. पण पाहुण्यांना खोकल्याची गोष्ट कोण सांगणार?"

असो. किमतीचं म्हणाल तर ती मेकरच्या नावावर आणि नळी आतून किती शाबूत आहे त्यावर ठरते. आमचा मेकर साधा, नळीला आतून गंजाचे खड्डे. त्यात विकायची तर लायसन्सवाल्यालाच किंवा परवानाधारक डीलरला. तुमच्या घरी अशी एखादी असेल आणि लायसन्सवाला माणूस गेला असेल, तर 'आठवण' म्हणून माळ्यावर ठेवू नका. आधी पोलीस ठाण्यात किंवा डीलरकडे जमा करा, मग शिक्के बघा.

काका विकणार आहेत. मी फक्त काठीचं विचारलं, कुठंय म्हणून. ती कुणी जपलीच नाही.