सिमल्यातला न लिहिलेला शब्द

१९७१ च्या युद्धानंतर भारत आणि पाकिस्तान यांच्यात झालेल्या सिमला करारावर तारीख आहे २ जुलै १९७२. सह्या झाल्या तेव्हा सिमल्यातल्या बार्न्स कोर्टमध्ये मध्यरात्र उलटली होती, म्हणजे ३ जुलै सुरू झाला होता. तपशील लहानसा, पण त्या रात्रीचा अभ्यास करणाऱ्याला तो सावध करतो. कागदावर काय लिहिलं आणि खोलीत काय घडलं, हे वेगवेगळं तपासावं लागतं.

आधी कागद. चौथ्या कलमानुसार १७ डिसेंबर १९७१ च्या शस्त्रसंधीतून जम्मू-काश्मीरमध्ये जी नियंत्रण रेषा तयार झाली, तिचा दोन्ही देशांनी मान राखायचा. मात्र त्यामुळे कोणाच्याही भूमिकेला बाध येणार नव्हता. काश्मीरचा अंतिम तोडगा सहाव्या कलमाने पुढच्या वाटाघाटींवर सोपवला. हीच रेषा सीमा मानावी, असं करारात कुठेही नाही. इथपर्यंत वाद नाही.

वाद सुरू होतो एप्रिल १९९५ मध्ये. इंदिरा गांधींचे सचिव राहिलेले पृथ्वीनाथ धर यांनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त लिहिलं, की ही रेषा हळूहळू प्रत्यक्ष सीमा होऊ द्यायला पाकिस्तानचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष झुल्फिकार अली भुत्तो तोंडी तयार झाले होते, मायदेशी टिकाव लागणार नाही म्हणून ते लेखी देत नव्हते. पाकिस्तानी बाजूने याचा इन्कार झाला.

ही साक्ष कशी तोलायची? धर वाटाघाटींतल्या शिष्टमंडळात होते, ही तिची जमेची बाजू. पण निर्णायक भेट इंदिरा गांधी आणि भुत्तो या दोघांचीच झाली. आणि लेख आला तो तेवीस वर्षांनी. तोवर भुत्तोंना फाशी होऊन सोळा वर्षं लोटली होती, इंदिराजींची हत्या होऊन दहा. खुद्द बोलणाऱ्यांपैकी होकार वा नकार द्यायला कोणीच उरलं नव्हतं.

तेव्हाचा पुरावा पाहावा, तर १४ जुलै १९७२ ला भुत्तोंनी राष्ट्रीय सभेत सांगितलं, की काश्मीरवर आपण तडजोड केलेली नाही. हे विधान धर यांच्या विरुद्ध जातं खरं, पण फार जड नाही. तोंडी शब्द दिला असता, तरी त्या सभागृहात ते हेच बोलले असते. १९७४ मध्ये पाकव्याप्त काश्मीरसाठी अंतरिम संविधान कायदा झाला. तो प्रदेश पाकिस्तानशी अधिक घट्ट बांधण्याच्या भुत्तोंच्या पावलांत धर यांना आपल्या म्हणण्याचा आधार दिसला. मला तो पुरेसा वाटत नाही. ताब्यातल्या भागावर पकड घट्ट करायला सत्ताधाऱ्याला गुप्त समझोता लागत नाही.

अधिक भक्कम साक्ष नकाशांची आहे. करार ४ ऑगस्टला अमलात आला आणि तीस दिवसांत सैन्यं मागे घ्यायची होती. प्रत्यक्षात रेषेच्या आखणीवर बोलणी अडत गेली. ठाको चक या छोट्याशा गावावरूनही पेच पडला. अखेर ११ डिसेंबर १९७२ ला सुचेतगढ इथे लेफ्टनंट जनरल प्रेमिंद्रसिंग भगत आणि लेफ्टनंट जनरल अब्दुल हमीद खान यांनी आखणीवर शिक्कामोर्तब केलं. नकाशांचे दोन संच, प्रत्येकात सत्तावीस पत्रकं. एका गावासाठी इतका हट्ट धरणाऱ्यांना ही रेषा दीर्घकाळ राहणार असं वाटत होतं, हा माझा तर्क, पुरावा नव्हे. आणि तीच रेषा एनजे ९८४२ या बिंदूपाशी थांबली, पुढचा हिमनद्यांचा प्रदेश आखलाच गेला नाही. १९८४ मध्ये सियाचिनचा संघर्ष तिथेच पेटला.

तोंडी शब्दाबाबत माझा निष्कर्ष असा: रेषेच्या भवितव्यावर दोघांत बोलणं झालं असावं, हे संभवनीय, भुत्तोंनी बांधून घेणारं वचन दिलं, हे असिद्ध. जे लिहिलं होतं, त्यातलं बरंच मात्र उशिरा का होईना अमलात आलं. युद्धकैद्यांच्या परतीचा मार्ग ऑगस्ट १९७३ च्या दिल्ली कराराने मोकळा झाला, सप्टेंबर १९७४ मध्ये टपाल, दूरसंचार आणि व्हिसाचे करार झाले. १९७६ च्या उन्हाळ्यात राजदूत पुन्हा नेमले गेले आणि २२ जुलैला अमृतसर-लाहोर समझौता एक्स्प्रेस सुरू झाली.