फोर्ट विल्यम आणि नाताळचा मुरलेला केक

लोणचे मुरते, मुरांबा मुरतो, हे मराठी वाचकांस सांगावयास नको. परंतु केकही मुरावा लागतो, तो महिना-दीड महिना आधी भाजून डब्यात बंद ठेवला म्हणजेच नाताळास खरा रंगतो, ही गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांस कलकत्त्यास आल्यावरच कळते. या शहरात ती रुजली ती इंग्रजांच्या वस्तीबरोबर; आणि त्या वस्तीचा आधार होता फोर्ट विल्यम.

हुगळीकाठच्या पहिल्या किल्ल्यास 1700 साली तिसऱ्या विल्यम राजाचे नाव मिळाले. 1756 मध्ये सिराजउद्दौल्याने तो घेतला. पुढे क्लाइव्हने 1758 मध्ये गोविंदपूरच्या जागी नव्या किल्ल्याचे काम सुरू केले व ते 1781 मध्ये पुरे झाले. आपला या इतिहासाशी संबंध काहीसा अवघड आहे. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने 1742 साली शहराभोवती खणलेला खंदक ‘मराठा डिच’ म्हणूनच ओळखला गेला. असो.

किल्ल्यातल्या गोऱ्या शिबंदीस मायदेश फार दूर होता. आफ्रिकेला वळसा घालून येणाऱ्या गलबतास पाच-सहा महिने लागत. 1869 साली सुएझचा कालवा खुला झाल्यावर हे अंतर पुष्कळच कमी झाले. इंग्लंडात हा जड, फळांनी गच्च भरलेला केक पूर्वी 6 जानेवारीच्या सणाचा होता. तो एकोणिसाव्या शतकात 25 डिसेंबरच्या ताटात आला. त्यास ‘प्लम केक’ म्हणतात, पण त्यात आलुबुखार शोधू नये. जुन्या इंग्रजीत मनुका-बेदाण्यांनाही प्लम म्हणत.

मौज पुढेच आहे. या अस्सल विलायती म्हणविणाऱ्या पदार्थातले जिन्नस पाहा. बेदाणे, मनुका, बदाम, लवंग, दालचिनी, जायफळ, साखर, आणि उसाच्या मळीपासून काढलेली रम. यांपैकी इंग्लंडच्या मातीतले काय? लंडनच्या गृहिणीस हे सारे समुद्रापलीकडून आणवावे लागे. कलकत्त्यात मात्र हिवाळा लागला की काबुली व्यापारी सुका मेवा घेऊन दारी येत. रवींद्रनाथांनी 1892 साली ‘काबुलीवाला’ लिहिली ती अशाच एका फेरीवाल्यावर. साखर आणि मसाले तर बाजारात होतेच. जे मिळत नसे त्याची जागा देशी वस्तूने घेतली. साखरेत पाकवलेल्या फळांच्या जोडीला कोहळ्याचा मुरब्बा, म्हणजे आपला पेठा, केकमध्ये बारीक चिरून पडू लागला, आणि गडद रंगासाठी साखर काळसर होईतो जाळून तिचा पाक घालू लागले. माझ्या मते नाताळचा केक लंडनपेक्षा कलकत्त्यातच अधिक घरचा आहे.

हिंदुस्थानातला पहिला नाताळचा केक 1883 साली केरळात तलश्शेरीच्या मांबळ्ळी बापूंनी केला, असे सांगतात. ती कथा गोड आहे. पण तिच्या कितीतरी आधी, 1840 च्या सुमारास, डेव्हिड विल्सन या बेकरीवाल्याने कलकत्त्यात हॉटेल उघडले होते. तेच पुढे ग्रेट ईस्टर्न झाले. तेव्हा ‘पहिला’ हा मान जरा जपूनच द्यावा.

आता मुरवणीविषयी. दुर्गापूजा आटोपली, हवेतला दमटपणा ओसरू लागला, की फळे बारीक चिरून रममध्ये भिजत घालावयाची. बरणी काचेची वा चिनी मातीची, आणि चमचा कोरडा ठणठणीत, आपल्या लोणच्यासारखाच. नोव्हेंबरच्या अखेरीस केक मंद आचेवर दोन-तीन तास भाजावयाचा. तो पूर्ण निवल्यावर लोणीकागदात गुंडाळून पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावयाचा. गरम असता झाकला तर आत वाफ धरून बुरशी येते. आठवड्याने उघडून वरून चमचा-दोन चमचे रम शिंपडावयाची. तो टिकतो याचे कारण मुरांब्याचेच आहे: साखर पाण्यास इतके धरून ठेवते की जंतूंना ते वापरता येत नाही, शिवाय मद्य वरच्या पृष्ठभागावर बुरशीस फिरकू देत नाही. दरम्यान फळांतला ओलावा हळूहळू पिठात उतरतो, मसाल्यांचा तिखटपणा निवतो आणि केक सुरीखाली भुगा न होता कापला जातो. मुंग्यांसाठी जुन्या घरांत जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवीत.

घरोघरी भट्टी नसे. अँग्लो-इंडियन गृहिणी भिजवलेली फळे, लोणी, अंडी घेऊन मोहल्ल्यातल्या बेकरीत जात, डोळ्यांसमोर मिश्रण घोटवून घेत आणि केक भाजून घरी आणीत. भट्टीवरचे कारागीर बहुधा मुसलमान. न्यू मार्केटमधले नाहूम हे 1902 साली सुरू झालेले दुकान बगदादी ज्यूंचे. तालतल्याची साल्ढाना बेकरी गोव्याकडच्या कुटुंबाची. डिसेंबरात या दुकानांपुढे रांग लावणारे बहुतेक हिंदू बंगाली असतात, आणि सणास ते ‘बडोदिन’ म्हणतात.

1947 नंतर गोरी शिबंदी गेली. किल्ला भारतीय सेनेच्या पूर्व विभागाचे मुख्यालय झाला. 1971 च्या युद्धात तेथील चीफ ऑफ स्टाफ असलेले जनरल जेकब हे नाहूम कुटुंबाप्रमाणेच कलकत्त्याच्या बगदादी ज्यू समाजातले. ढाक्यातील शरणागती नाताळाच्या नऊच दिवस आधीची, 16 डिसेंबरची. किल्ल्यातल्या सेंट पीटर्स चर्चमध्ये सैनिकांचे ग्रंथालय आले. डिसेंबर 2024 मध्ये किल्ल्याचे नाव बदलून आपल्या कोकणातल्या दुर्गावरून ‘विजयदुर्ग’ असे झाले, आणि सेंट जॉर्ज दरवाजास शिवाजी महाराजांचे नाव लाभले. मराठ्यांच्या भयाने खंदक खणणाऱ्या शहरात हे घडावे!

अँग्लो-इंडियन कुटुंबे मात्र पुष्कळशी ऑस्ट्रेलिया, कॅनडा, इंग्लंडकडे निघून गेली. केकची कृती त्यांच्याबरोबर गेली. ऑस्ट्रेलियात डिसेंबर म्हणजे ऐन उन्हाळा; तेव्हा तेथे पत्र्याचा डबा घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात ठेवावा लागतो.