कागद घराचा, इतिहास गावाचा



इतिहास म्हटला की आपली दृष्टी एकदम रायगडाकडे, शनिवारवाड्याकडे, फार झाले तर नागपूरच्या महालाकडे धावते. आपल्या नरखेड तालुक्यालाही इतिहास आहे, हे आपण सभेत आनंदाने मान्य करतो. परंतु तो कोठे वाचावयास मिळेल, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले तर आपण त्याला कोणते दार दाखविणार? आज मी बोलणार आहे ते या दाराविषयी.

आपला तालुका सीमेवरचा. १८०३ च्या डिसेंबरात देवगावचा तह झाला आणि दुसऱ्या रघूजी भोसल्यांना वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलखावरचा हक्क सोडावा लागला. तो मुलूख निजामाकडे गेला. जी नदी ओलांडून मोवाड-जलालखेड्याकडची माणसे बाजाराला जात, सोयरीक जुळवीत, तीच नदी दोन राज्यांची शीव ठरली. पुढे १८५३ मध्ये तिसरे रघूजी वारले आणि नागपूरचे राज्य खालसा झाले. १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला, १९०३ मध्ये वऱ्हाड त्याला जोडला गेला, १९५६ मध्ये आपण मुंबई राज्यात आलो आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. राज्य बदलले की कचेरी बदलते, आणि कचेरी बदलली की दप्तर हलते. यादव माधव काळे यांच्यासारख्या व्यासंगी गृहस्थांनासुद्धा ‘वऱ्हाडचा इतिहास’ १९२४ साली आणि ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ १९३४ साली, असे दोन निराळे ग्रंथ सिद्ध करावे लागले. नदीच्या दोन काठांची सोयरीक एक, पण ग्रंथ दोन!

आणि सरकारी दप्तर सगळे हाती आले तरी त्यातून काय कळते? सारा किती, शेत कोणाचे, तंटा कशाचा. गाव कसे जगले हे कळावयाचे तर घरात शिरावे लागते. आपल्याकडे १९५१ पर्यंत मालगुजारी होती. मालगुजारांच्या वाड्यांत जमाबंदीचे कागद, कुळांच्या नोंदी, पत्रव्यवहार यांचे रुमाल बांधलेले असत. दुकानदाराची रोजकीर्द व खातेवही, संत्र्याच्या व्यापाऱ्याच्या बिल्ट्या, एखाद्या आजीने जपलेली पत्रे, शाळेचा जुना फोटो, भजनी मंडळाची वही, ही सगळी इतिहासाचीच साधने होत. ज्या घरी मालगुजारी नव्हती, ज्या घरी जमीनच नव्हती, त्या घरचा मजुरीच्या हिशेबाचा चिटोरासुद्धा तितकाच मोलाचा आहे. किंबहुना अधिक, कारण तो दुर्मिळ आहे. आज जातपडताळणीसाठी आजोबा-पणजोबांच्या नावाची नोंद शोधीत लोक कोतवाल बुकाची पाने धुंडाळतात. जुन्या कागदाची किंमत त्यांना मी सांगावयास नको.

अशा कागदांसाठी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडले. १८९८ साली त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ यांचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि पुढे त्या मालेचे बावीस खंड निघाले. हे कागद बहुतेक लोकांच्या माळ्यावरून, कोनाड्यातून, पेटीतून निघाले होते. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले. १९२६ च्या अखेरच्या दिवशी राजवाडे धुळ्यास वारले, तेव्हा तेथील मंडळींनी १९२७ मध्ये राजवाडे संशोधन मंडळ स्थापून त्यांचा ठेवा राखला. माणूस गेला तरी संग्रह राहिला, कारण त्याला घर मिळाले.

ज्या संग्रहाला असे दुसरे घर मिळत नाही त्याचे काय होते, हे सांगावयास मला दूर जावे लागत नाही. मोवाडची नगरपालिका १८६७ ची. म्हणजे सव्वाशे वर्षांचे सार्वजनिक जीवन त्या गावाने पाहिले होते. ३० जुलै १९९१ रोजी वर्धेला महापूर आला आणि त्यात २०४ माणसे प्राणास मुकली. त्या दुःखापुढे कागदाची गोष्ट काढावयास जीभ अडखळते. पण जेथे घरेच गेली तेथे माळ्यावरचे रुमाल राहिले असतील अशी आशा कशी करावी? वाचलेल्या माणसांना नवी घरे बांधता आली. आजोबांच्या हस्ताक्षरातील वही मात्र पुन्हा लिहिता येत नाही. तिची एक नक्कल दुसऱ्या गावी असती, तर ती वही आज वाचता आली असती.

म्हणून माझे म्हणणे असे की, तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात एक संशोधनाची खोली असावी. ही कल्पना नवी नाही. १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने १९४८ मध्ये मराठी संशोधन मंडळ सुरू केले आणि अ. का. प्रियोळकरांसारखा संशोधक त्याला पहिला संचालक म्हणून लाभला. वाचनालय म्हणजे कादंबऱ्या घरी नेण्याची जागा एवढेच नव्हे, हे त्या संस्थेने दाखवून दिले. आपल्याला मुंबईएवढा पसारा नको. एक टेबल, एक कुलुपाचे कपाट, एक नोंदवही आणि मोडी वाचणारा एखादा माणूस एवढ्यावर आरंभ होतो.

यावर आक्षेप येतो, आणि तो खोटा नाही. लोक म्हणतात, “अभ्यासक येतात, रुमाल नेतात, परत करीत नाहीत.” कोणी म्हणतात, “आमच्या घरचा तंटा चव्हाट्यावर कशाला?” म्हणून या खोलीचे नियम आधी ठरले पाहिजेत. कागद घरमालकाचा तो घरमालकाचाच राहील. तो वाचनालयात आणावा, तेथे सर्वांसमक्ष त्याची छायाचित्रे घ्यावी आणि कागद त्याच दिवशी घरी जावा; खिशातल्या फोनने हे काम आता तासाभरात होते. प्रत्येक चित्राबरोबर कागद कोणत्या गावचा, कोणत्या घरचा, कशासंबंधीचा याची नोंद झालीच पाहिजे, कारण नाव-गाव हरवलेला कागद पोरका होतो. घरच्यांनी जी पाने काही वर्षे झाकून ठेवावयास सांगितली, ती झाकलेलीच राहावी. नकलेचा एक संच तालुक्याबाहेर, नागपुरास ठेवावा. मोवाडने शिकविलेला हा धडा आहे. आणि शेवटचा नियम असा की, ही खोली शाळकरी मुलीला आणि विद्यापीठाच्या पंडिताला सारखीच उघडी असावी.

१९६७ च्या कायद्याने महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालयांना शासनमान्यता आणि अनुदान यांची सोय केली आहे. पण अनुदानातून कपाट येईल, त्यात ठेवावयाचे कागद येणार नाहीत. ते तुमच्या-माझ्या घरातूनच आले पाहिजेत. आपण ते पेटीत जपतो आणि समजतो की आपण इतिहास राखला. वाळवी, ओल आणि दिवाळीच्या साफसफाईतला रद्दीवाला यांना आपली ही समजूत ठाऊक नसते.

वसंत सरत आला आहे. महिन्या-दीड महिन्यात आभाळ भरून येईल. त्याआधी घराची कौले आपण शाकारतोच. तेव्हा माळ्यावर चढाल, तर तिथला रुमाल एकदा खाली काढा, उन्हात नव्हे, सावलीत उलगडा, आणि त्यावर कोणाचे नाव आहे ते घरातल्या मुलांना वाचून दाखवा. वाचता आले नाही, तर वाचनालयात घेऊन या.