बाहुलीचें वय



आजच्या भाषणाचा विषय घरांतील मुलींच्या बाहुल्या हा आहे. इतिहास शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें त्या मास्तरानें ताम्रपट आणि तहनामे बाजूस सारून बाहुल्यांच्या नादीं लागावें, ह्याचें कांहीं श्रोत्यांस नवल वाटेल. परंतु रोजच्या हाताळण्यांतल्या वस्तूंवर समाजाच्या चालीरीतींचा जो ठसा उमटतो तो सनदांवरही पुष्कळदां सांपडत नाहीं. बाहुली ही अशीच एक वस्तु आहे. ती मुलीच्या हातीं केव्हां आली ह्यापेक्षां तिच्या हातून केव्हां सुटली हें पाहिलें, म्हणजे त्या त्या काळीं मुलीस बाळपण किती वर्षें लाभत असे तें समजतें. हाच एक धागा धरून मी आज बोलणार आहे.

प्रथम शब्दच घेऊं. मराठींत खेळण्यांतल्या पुतळीस आपण बाहुली म्हणतों आणि डोळ्याच्या मधल्या काळ्या भागासही बाहुलीच म्हणतों. त्या काळ्या भागांत समोरच्या माणसाची चिमुकली आकृति दिसते, म्हणून हें नांव पडलें असावें. संस्कृतांतील ‘कनीनिका’ ह्या शब्दाला लहान मुलगी आणि डोळ्यांतील बाहुली असे दोन्ही अर्थ आहेत. लॅटिन भाषेंतील ‘प्यूपिला’ ह्या शब्दाचीही हीच कथा. एकमेकांपासून इतक्या दूर राहणाऱ्या लोकांना मुलगी, बाहुली आणि डोळा ह्या तिहींचें नातें सुचावें, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

आतां जमिनींतून निघालेल्या पुराव्याकडे वळूं. मोहें-जो-दडो येथें मातीच्या लहान गाड्या, पांखरांच्या आकाराच्या शिट्ट्या आणि मान हालविणारे बैल सांपडले आहेत. हीं मुलांचीं खेळणीं होतीं ह्याबद्दल फारसा वाद नाहीं. पण मातीची स्त्रीमूर्ति मिळाली म्हणजे ती बाहुलीच, असें मात्र समजूं नये. पुणें जिल्ह्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें डेक्कन कॉलेजानें १९६८ ते १९८३ पर्यंत उत्खनन केलें. तेथें तीन हजार वर्षांपूर्वींच्या एका घराच्या जमिनीखालीं मातीची झांकणाची पेटी निघाली. तिच्याबरोबर मस्तक नसलेली स्त्रीमूर्ति आणि एक बैल होता. ही देवता होय, खेळणें नव्हे, असें विद्वानांचें मत आहे. मराठवाड्यांतील तेर येथें सातवाहनकाळच्या पांढऱ्या मातीच्या सुबक स्त्रीमूर्ति मिळाल्या आहेत. त्यांतल्या कोणत्या देव्हाऱ्यांतल्या आणि कोणत्या मुलींच्या खेळांतल्या, हें ठरविणें सोपें नाहीं. मुलींच्या खऱ्या लाडक्या बाहुल्या बहुधा कापडाच्या आणि लांकडाच्या असत. त्या मातींत टिकत नाहींत.

जमीन जें राखीत नाहीं तें वाङ्मय राखतें. कालिदासानें ‘कुमारसंभवा’च्या पहिल्या सर्गांत पार्वतीचें बाळपण वर्णिलें आहे. तेथें ती मंदाकिनीच्या वाळूंत ओटे रचते, चेंडू खेळते आणि बाहुल्यांशीं रमते. वात्स्यायनाच्या ‘कामसूत्रां’त बाहुल्या कशाकशाच्या करीत त्याची यादीच आहे : सूत, लांकूड, शिंग, हस्तिदंत, मेण, पीठ आणि माती. गरिबाच्या घरचें पीठ आणि श्रीमंताच्या घरचा हस्तिदंत एकाच यादींत आले आहेत, त्या अर्थीं हा खेळ लहानथोर सर्वांच्या घरीं चालत असला पाहिजे.

परंतु बाहुल्यांचा सर्वांत हृदयस्पर्शी उल्लेख महाभारताच्या विराटपर्वांत आहे. कौरवांनीं विराटाच्या गाई वळविल्या. बृहन्नडेच्या वेषांत राहणारा अर्जुन राजपुत्र उत्तराचा सारथि होऊन निघाला. त्या वेळीं राजकन्या उत्तरा आणि तिच्या मैत्रिणी त्याला म्हणाल्या कीं, युद्ध जिंकलें म्हणजे आमच्या बाहुल्यांसाठीं कौरववीरांचीं तलम रंगीत वस्त्रें घेऊन ये. अर्जुनानें ती मागणी विसरली नाहीं. संमोहनास्त्रानें शत्रु निश्चेष्ट पडल्यावर त्यानें द्रोण आणि कृप ह्यांचीं शुभ्र, कर्णाचें पिवळें, आणि अश्वत्थामा व दुर्योधन ह्यांचीं निळीं वस्त्रें उत्तराकडून काढून घेवविलीं. येथपर्यंतची कथा कीर्तनकार रंगवून सांगतात आणि श्रोते हंसतात. पण पुढें पाहावें. त्याच पर्वाच्या अखेरीस ह्या उत्तरेचें अभिमन्यूशीं लग्न झालें. पुढें भारतीय युद्धांत अभिमन्यु पडला आणि परीक्षिताचा जन्म होण्यापूर्वींच ती विधवा झाली. बाहुली, बोहलें आणि वैधव्य ह्यांत महाभारतानें किती थोडें अंतर ठेवलें आहे! ही कथा केवळ पुराणांतली, असें म्हणून तिला हंसण्यावारी नेण्याची सोय आपणांस नाहीं. तें कां, तें पुढें सांगतों.

आपल्या देशांत अमुक मुलीची म्हणून ओळखतां येईल अशी प्राचीन बाहुली हातीं लागणें कठीण. पण रोम शहरांत तशी एक सांपडली आहे, म्हणून क्षणभर तिकडे जाऊं. १८८९ सालच्या मे महिन्यांत तेथें न्यायमंदिराचा पाया खणीत असतां दगडी शवपेटी निघाली. तिच्यावर क्रेपेरिया त्रिफेना असें नांव कोरलेलें होतें. आंत सुमारें वीस वर्षांच्या मुलीचा सांगाडा, आणि त्याच्याजवळ हस्तिदंती बाहुली होती. ही बाहुली इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांतली. तिचे हातपाय सांध्यांशीं हालतात, केंसांची ठेवण त्या काळच्या राजस्त्रियांसारखी आहे, आणि तिच्यासाठीं किल्लीची आंगठी, चिमुकली पेटी, फण्या आणि आरसे घडविलेले आहेत. रोममधील एका संग्रहालयांत ती आजही पाहावयास मिळते. ग्रीक आणि रोमन मुली लग्नाच्या आधीं आपल्या बाहुल्या देवतेस अर्पण करीत. क्रेपेरियेची बाहुली तिच्याजवळच राहिली, ह्यावरून तिचें लग्न झालें नसावें, असा विद्वान तर्क करतात. म्हणजे बाहुली हातून सुटण्याची वेळ तीच लग्नाची वेळ, हा संकेत तिकडेही होता.

आमच्याकडे बाहुली देवतेला वाहण्याचा असा विधि नव्हता. पण व्यवहार तोच होता. भातुकलींत चूल, जातें, पाटा-वरवंटा, सूप, परात असा सारा संसार चिमुकल्या आकारांत मांडलेला असे, आणि खेळाचा कळस म्हणजे बाहुला-बाहुलीचें लग्न. अंतरपाट धरावयाचा, मंगलाष्टकें म्हणावयाचीं, विहिणींनीं रुसावयाचें, चुरमुऱ्यांची पंगत उठवावयाची! आईबापांनाही ह्या खेळाचें कौतुक वाटे. पण हंगाम उलटण्यापूर्वींच त्या खेळांतल्या वरमाईलाच खरी मुंडावळ बांधली जाई.

हें मी कल्पनेनें सांगत नाहीं. सावित्रीबाई फुले ह्यांचें लग्न १८४० सालीं, नवव्या वर्षीं झालें. रमाबाई रानडे १८७३ सालीं, अकराव्या वर्षीं माधवरावांच्या घरीं आल्या. आनंदीबाई जोशी ह्यांचें लग्न १८७४ सालीं झालें तेव्हां त्या नऊ वर्षांच्या होत्या. चौदाव्या वर्षीं त्यांना मुलगा झाला आणि तो दहा दिवसांचा होऊन वारला. ज्या वयांत चिंधीचें बाळ निजवावयाचें, त्या वयांत ह्या मुलीनें पोटचें बाळ गमावलें. वैद्यक शिकण्याचा आनंदीबाईंचा निश्चय ह्या दुःखांतून झाला, असें सांगतात. १८८६ सालीं त्या अमेरिकेंत डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षीं, वयाचीं बावीस वर्षें पुरीं होण्यापूर्वीं, त्यांचा अंत झाला. ह्या तिघींनीं पुढें विद्या मिळविली म्हणून त्यांचीं नांवें आपणांस ठाऊक आहेत. ज्यांचीं नांवें कोणीच लिहून ठेवलीं नाहींत अशा मुली घरोघर होत्या. माझ्या आजीचें लग्न दहाव्या वर्षीं झालें. तिची लांकडी ठकी माहेरच्या फडताळांत राहिली. माहेरपणास आलें कीं पाय धुण्याआधीं मी फडताळ उघडीत असें, असें ती सांगे. तिसऱ्या खेपेस फडताळ उघडलें तों ठकी धाकट्या बहिणीकडे गेलेली होती. हें सांगतांना ती रडत नसे; रीतच तशी होती, एवढेंच म्हणे.

ही रीत मोडावयास किती वर्षें लागलीं तें पाहा. १८६० च्या दंडविधानानें पतिपत्नींच्या सहवासासाठीं मुलीचें किमान वय दहा ठरविलें होतें. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यानें तें बारा केलें; आणि एवढ्या दोन वर्षांसाठीं महाराष्ट्रांत केवढें रण माजलें! न्यायमूर्ति रानडे, डॉक्टर भांडारकर हे कायद्याच्या बाजूस उभे राहिले; परक्या सरकारनें कायद्यानें आमच्या चालीरीतींत हात घालूं नये, म्हणून लोकमान्य टिळक विरुद्ध बाजूस उभे राहिले. दोन्हीं बाजूंस थोर माणसें होतीं. पण त्या सगळ्या वादांत जिच्याविषयीं वाद चालला होता तिला कोणी कांहीं विचारलें नाहीं. ती भातुकली खेळत होती. पुढें हरविलास सारडा ह्यांच्या खटपटीनें १९२९ सालीं बालविवाह-प्रतिबंधक कायदा झाला आणि १ एप्रिल १९३० पासून मुलीच्या लग्नाचें वय चौदा ठरलें. १९४९ सालीं तें पंधरा झालें आणि १९७८ सालीं अठरा. कायद्याच्या पुस्तकांत हे नुसते आंकडे आहेत. घरांत त्यांचा अर्थ एवढाच कीं, मुलीच्या हातीं बाहुली आणखी कांहीं वर्षें राहिली आणि बाहुलीच्या शेजारीं पाटी-पुस्तक येऊन बसलें.

मात्र हें काम पुरें झालें असें समजून स्वस्थ बसतां येत नाहीं. २०१९ ते २०२१ ह्या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत, वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकीं अठरा वर्षें भरण्यापूर्वींच लग्न झालेल्या स्त्रियांचें प्रमाण महाराष्ट्रांत सुमारें २२ टक्के आढळलें. शंभरांत बावीस! शहरांतल्या सुशिक्षित घरांना हा आंकडा दूरचा वाटेल. पण आपल्या घरीं धुण्याभांड्यास येणाऱ्या बाईच्या मुलीची शाळा मध्येंच कां सुटली, एवढें विचारून पाहिलें तरी तो पुष्कळांच्या उंबरठ्यापाशीं येऊन उभा राहील.

आतां प्रत्यक्ष बाहुल्यांविषयीं दोन शब्द. घरांत आजीच्या, आईच्या वेळच्या बाहुल्या असतील तर त्या अडगळ म्हणून टाकूं नयेत. चिंधीची बाहुली वर्षांतून एकदोनदां कोवळ्या उन्हांत ठेवावी, उसवलेली शिवण साध्या दोऱ्यानें घालावी आणि तिच्याबरोबर कडुनिंबाचा वाळलेला पाला मलमलीच्या पुरचुंडींत बांधून ठेवावा. मुलें ज्या खेळण्यांशीं खेळतात त्यांत डांबराच्या गोळ्या कधींही ठेवूं नयेत. त्या विषारी असतात. सावंतवाडीचे चितारी पांगाऱ्याच्या हलक्या लांकडाचीं रंगीत खेळणीं करीत आले आहेत. तशा लांकडी वस्तूंना पाणी लावूं नये. कोरड्या मऊ फडक्यानें पुसून त्या ओलीच्या भिंतीपासून दूर ठेवाव्या. मातीची बाहुली वेगळी, कापडांत गुंडाळून ठेवावी. जुनी कचकड्याची बाहुली असेल तर ती दिव्यापासून आणि चुलीपासून फार जपावी, कारण तें कचकडें कापूर आणि रसायनांनीं सिद्ध केलेल्या कापसाचें असून क्षणांत पेट घेतें; तशी बाहुली लहान मुलांच्या हातीं न दिलेलीच बरी. रंग उडालेल्या जुन्या चेहऱ्यावर नवा रंग चढविण्याचा मोह टाळावा. नाक झिजलें असेल तर तें कोणाच्या तरी मायेनें झिजलेलें आहे.

आणि हें सारें कपाटांत बंद करून करूं नये. बाहुली खेळण्यासाठीं आहे. फाटेल त्या दिवशीं मुलीस जवळ बसवावें, सुई ओवून द्यावी आणि तिच्याच हातून टाका घालवावा. मुलगा असेल तर त्यालाही बसवावें. दुखलें खुपलें पाहणें हें एकट्या मुलींचेंच काम आहे, असें बाहुलीनें कधीं सांगितलेलें नाहीं. बाजारांतून नवी बाहुली दहा मिनिटांत येते, परंतु जपण्याची संवय बाजारांत मिळत नाहीं.

शेवटीं एक लहानसें काम सुचवितों. घरांतल्या प्रत्येक जुन्या बाहुलीबरोबर एक कागदाची चिठ्ठी बांधून ठेवावी. ही कोणाची, कोणी शिवली किंवा कोठून आणली, तें त्यावर लिहावें. आणि खालीं, ती मुलगी हिच्याशीं कितव्या वर्षापर्यंत खेळली, तेंही लिहावें. घरांत चार पिढ्यांच्या चार चिठ्ठ्या जमल्या तर त्या शेजारीं शेजारीं ठेवून फक्त शेवटची ओळ वाचून पाहावी.