कुंभार, घट आणि जगत्कर्ता : दख्खनमधील एक जुना वाद

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी 'काहीतरी ऐतिहासिक' लिहून द्यावे, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. मंदिराच्या उभारणीचा व विश्वस्तांच्या कार्याचा इतिहास या अंकात अन्य मान्यवरांनी लिहिलेलाच आहे. मी एक कापड व्यापारी. हिराचंद नेमचंद वाणिज्य महाविद्यालयातून बी.कॉम. झालो, एवढीच माझी विद्या. न्यायशास्त्रावर लिहिण्याचा मला अधिकार नाही, याची पूर्ण जाणीव आहे. तरीही जो विषय घेतला आहे, तो एका गिऱ्हाइकाने मला घ्यावयास लावला.

गेली वीस-बावीस वर्षे आषाढीपूर्वी एक निवृत्त शिक्षक आमच्या पेढीवर धोतरजोडी व उपरणे घेण्यास येतात. माळकरी गृहस्थ, पायी वारी करणारे. एके वर्षी माप घेता घेता त्यांनी सहज विचारले, "शेठ, तुमचे तीर्थंकर जग निर्माण करीत नाहीत, चालवीत नाहीत, कोणाला काही देत नाहीत आणि कोणाचे काही काढूनही घेत नाहीत. मग दुकान उघडण्याआधी रोज त्यांच्यापुढे हात कशासाठी जोडता? आमच्या लेखी तुम्ही नास्तिकच म्हणायचे!" बोलण्यात कुचेष्टा नव्हती. पण मला उत्तर देता आले नाही. 'ज्याची त्याची श्रद्धा, गुरुजी,' असे काहीतरी पुटपुटून मी कापड फाडले. साठीला आलेल्या, नित्य अभिषेक-पूजन करणाऱ्या श्रावकाची ही अवस्था! त्याच आठवड्यात ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली मागून घेतली.

प्रथम 'नास्तिक' या शब्दाचाच निकाल लावणे बरे. पाणिनीच्या व्याकरणात आस्तिक-नास्तिक हे शब्द आले आहेत आणि टीकाकार त्यांचा अर्थ परलोक मानणारा व न मानणारा असा लावतात. त्या अर्थाने जैन पूर्ण आस्तिक ठरतात. मनुस्मृतीने वेदांची निंदा करणाऱ्यास नास्तिक म्हटले. ती व्याख्या घेतली तर आपण बाहेर पडतो. परंतु ईश्वर मानणे न मानणे हा निकष या दोहोंतही नाही. तसा तो असता, तर वेदांना सर्वस्व मानणारे मीमांसक कुमारिल भट्ट हेही नास्तिक ठरते. कारण सातव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या या पंडितांनी आपल्या 'श्लोकवार्तिका'त जगत्कर्त्याची कल्पना सडेतोडपणे नाकारली आहे. सांख्यांच्या जुन्या मांडणीतही कर्त्या ईश्वराला स्थान नाही. तेव्हा हा वाद जैन विरुद्ध इतर असा कधीच नव्हता. तो विचारवंतांचा आपसातील वाद होता आणि त्यातील काही थोर वादी आपल्या अगदी शेजारचे होते.

सोलापूरहून कलबुर्गीमार्गे सुमारे दीडशे किलोमीटरवर कागिणा नदीच्या काठी मळखेड हे गाव आहे. आज तेथे पडका किल्ला, नेमिनाथांची प्राचीन बसदी आणि तूर-ज्वारीची शेते दिसतात. नवव्या शतकात हीच राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट होती. सम्राट अमोघवर्ष (इ. स. ८१४ ते ८७८) हा आचार्य जिनसेनांना गुरुस्थानी मानीत असे. जिनसेनांनी शके ७५९ मध्ये, म्हणजे इ. स. ८३७ साली, 'जयधवला' टीका पूर्ण केली व त्यानंतर 'महापुराण' हाती घेतले. आदिपुराणाचा मोठा भाग रचून होताच त्यांचा देह पडला आणि उरलेले काम शिष्य गुणभद्रांनी तडीस नेले. आपल्याकडे महापुराण वाचले जाते ते भगवान ऋषभदेवांच्या चरित्रासाठी. परंतु त्याच्या चौथ्या पर्वात, कथेच्या ओघातच, जगत्कर्त्याविषयी असे काही प्रश्न विचारले आहेत की ते वाचताना पुराण वाचतो आहोत की न्यायालयातील उलटतपासणी, असा भ्रम पडावा.

ते प्रश्न माझ्या शब्दांत असे. जग निर्माण होण्यापूर्वी निर्माता कोठे होता? त्याला आधाराची गरज नसेल, तर जग निर्माण झाल्यावर तो कोठे राहतो? त्याने जग घडविले ते कशातून? द्रव्य आधी होते असे म्हणाल, तर ते कोणी केले? आणि ते आपोआप होते म्हणाल, तर मग जगच आपोआप आहे असे म्हणण्यास अडचण काय? तो परिपूर्ण असेल तर निर्मितीची इच्छा त्याला झालीच कशी? इच्छा ही तर उणिवेतून होते. अपूर्ण असेल, तर कुंभाराला जसे विश्व घडविता येत नाही तसे त्यालाही येणार नाही. केवळ लीला म्हणून केले असेल, तर हे पोरखेळासारखे झाले. दयेपोटी केले असेल, तर सर्वांना सुखीच का केले नाही? आणि प्राण्यांच्या कर्मानुसार केले असेल, तर तो कर्माच्या अधीन झाला. या शेवटच्या प्रश्नावर मी माझ्या व्यापारी बुद्धीने एवढेच म्हणेन की, खात्यात जे लिहिले तेवढेच ज्याला देता येते, तो पेढीचा मालक नव्हे, मुनीम होय.

या उताऱ्याचे भाग्य मोठे विलक्षण. अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी १९८० साली प्रसिद्ध झालेल्या 'कॉसमॉस' या ग्रंथात विश्वाच्या उत्पत्तीची चर्चा करणाऱ्या प्रकरणाच्या आरंभी जिनसेनांचे हेच विचार इंग्रजी भाषांतरात दिले आहेत. जगभरच्या लाखो वाचकांनी ते वाचले असतील. मान्यखेटच्या या शेजाऱ्यांनी, म्हणजे आपण, किती वाचले, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारतो.

आता दुसरी बाजू. ती दुबळी करून मांडली तर आपल्या आचार्यांचाच अवमान होईल, कारण त्यांनी तसे कधी केले नाही. ईश्वर आहे हे तर्काने सिद्ध करण्याचा सर्वांत भक्कम प्रयत्न नैयायिकांनी केला आणि त्यांचे मुकुटमणी म्हणजे मिथिलेचे उदयनाचार्य. दहाव्या-अकराव्या शतकातील या पंडिताचा 'न्यायकुसुमांजली' हा ग्रंथ या एकाच विषयाला वाहिलेला आहे. त्यांचा मुख्य मुद्दा सर्वांना समजेल असा आहे. घट हे कार्य आहे, त्याला कुंभार लागतो. वस्त्र हे कार्य आहे, त्याला विणकर लागतो. पृथ्वी, पर्वत, अंकुर हीही कार्येच आहेत. म्हणून त्यांनाही कोणी बुद्धिमान कर्ता असलाच पाहिजे. विणकरांच्या गावात जन्म गेलेल्या मला हा युक्तिवाद लगेच पटतो, हे कबूल केले पाहिजे. मागाशिवाय आणि मागावरच्या माणसाशिवाय झालेली चादर मी पाहिलेली नाही.

जैन नैयायिकांनी नेमका हाच दृष्टान्त उलटविला. विद्यानंदांची 'आप्तपरीक्षा', प्रभाचंद्रांचा 'प्रमेयकमलमार्तंड' आणि शके १२१४ मध्ये म्हणजे इ. स. १२९२ च्या सुमारास मल्लिषेणांनी लिहिलेली 'स्याद्वादमंजरी' या ग्रंथांतून ही चर्चा क्रमाक्रमाने सूक्ष्म होत गेली आहे. त्यांचे म्हणणे असे की, कुंभारावरून अनुमान करावयाचे तर ते पुरते करा. कुंभाराला देह आहे. मग जगत्कर्त्यालाही देह माना. रानातले गवत तर कोणी लावल्याचे दिसतच नाही. आणि कर्ता एकच कशावरून? मल्लिषेण वारूळ, राजवाडा आणि मधाचे पोळे यांचे दाखले देतात. वारूळ शेकडो मुंग्यांचे, राजवाडा अनेक कारागिरांचा, पोळे अनेक मधमाश्यांचे. युरोपात डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञाच्या १७७९ साली प्रसिद्ध झालेल्या संवादग्रंथात, घर किंवा जहाज बांधण्यास अनेक माणसे लागतात, मग जगाचा कर्ता एकच कशावरून, असाच प्रश्न आला आहे. दोहोंमध्ये जवळजवळ पाचशे वर्षांचे अंतर आहे.

परंतु उदयनांचा एक मुद्दा मला अधिक खोल वाटतो. ते विचारतात, कर्म जड आहे, अचेतन आहे. कोणाचे कर्म कोणते, त्याचे फळ कोणाला, केव्हा व किती द्यावयाचे, हे जड वस्तूला कसे कळावे? सुताराच्या हाताशिवाय कुऱ्हाड लाकूड तोडीत नाही. आमच्या धंद्यात याचा अनुभव रोज येतो. उधारीची वही कितीही चोख लिहा, ती काही आपण होऊन वसुलीला बाहेर पडत नाही. कोणाला तरी दारोदार जावेच लागते. याला जैनांचे उत्तर असे की, कर्म ही नुसती नोंद नव्हे. ते सूक्ष्म पुद्गल आहे आणि जीवाशी प्रत्यक्ष बांधले जाते. मद्य प्यालेल्यास झिंग आणण्यासाठी न्यायाधीश लागत नाही. बंध होतो तेव्हाच प्रकृती, स्थिती, अनुभाग आणि प्रदेश हे चारही ठरतात, असे तत्त्वार्थसूत्र सांगते. मुदतीच्या हुंडीवर मुदत व रक्कम आधीच लिहिलेली असते, तसे हे आहे. दाखला अपुराच आहे. कारण हुंडीही कोणीतरी दाखवावी लागते. यावर पंडितांनी अधिक लिहावे.

येथे सोलापूरचा संबंध येतो आणि तो अभिमानाचा आहे. शास्त्रे छापावीत की छापू नयेत यावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस समाजात कडाक्याचे मतभेद होते. त्या काळात शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी आपल्या गावातून 'जैन बोधक' हे नियतकालिक चालविले. पुढे ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी १९४१ च्या उन्हाळ्यात गजपंथा क्षेत्रावर विद्वानांना एकत्र करून जैन संस्कृती संरक्षक संघाची स्थापना केली, तीस हजार रुपयांचे दान जाहीर केले आणि १९४४ मध्ये आपली सुमारे दोन लाखांची सर्व संपत्ती संघाला अर्पण केली. त्यांच्या नावाच्या ग्रंथमालेचे संपादन डॉ. आ. ने. उपाध्ये व डॉ. हिरालाल जैन यांनी केले. सोमदेवसूरींनी शके ८८१ मध्ये, म्हणजे इ. स. ९५९ साली, पूर्ण केलेल्या 'यशस्तिलका'वरील आसामचे विद्वान कृष्णकांत हंदिकी यांचा इंग्रजी ग्रंथ १९४९ साली याच मालेत निघाला. तेराव्या शतकातील भावसेन त्रैविद्य यांचा 'विश्वतत्त्वप्रकाश' हा अन्य दर्शनांची परीक्षा करणारा ग्रंथ डॉ. विद्याधर जोहरापूरकर यांनी हिंदी अनुवादासह संपादित केला. तो १९६४ साली येथूनच प्रकाशित झाला. दख्खनमध्ये जैनांचा राजाश्रय ओसरू लागला असताना भावसेन हे सारे शांतपणे, प्रतिपक्षाचे म्हणणे आधी पूर्ण मांडून लिहितात, याचे मला नवल वाटते. आमच्या ग्रंथालयातील प्रतीची काही पाने मी चाकूने कापून मोकळी केली. इतक्या वर्षांत ती कोणी उघडलीच नव्हती.

एक खाजगी गोष्ट लिहावी की नाही, याचा बरेच दिवस विचार केला. १९९८ साली माझी पत्नी अत्यवस्थ झाली, तेव्हा मी कुंथलगिरीला चांदीचे छत्र वाहण्याचा नवस बोललो. ती बरी झाली, छत्र वाहिले. चार वर्षांनी धाकटा भाऊ आजारी पडला. तोच नवस, तेच क्षेत्र, तोच मी. तो गेला. त्यानंतर कित्येक महिने मी मंदिराची पायरी चढलो नाही. माझा राग मूर्तीवर होता. एकाला दिले आणि दुसऱ्याला का नाही, हा माझा प्रश्न होता. गुरुजींच्या त्या प्रश्नामुळे मी जिनसेन वाचले, तेव्हा ध्यानी आले की ज्याच्यावर मी रागावलो होतो तो देणारा-घेणारा कर्ता आपल्या शास्त्रात नाहीच. तो मी बाहेरून आणून वेदीवर बसविला होता. पत्नी वाचली ती छत्रामुळे नव्हे आणि भाऊ गेला तो छत्र कमी पडले म्हणून नव्हे. यातून समाधान मिळाले असे मी म्हणणार नाही. भावाचे आयुष्यकर्म तेवढेच होते, हे उत्तर शोक करणाऱ्यास कोरडे लागते आणि सर्वांवर माया करणारा कोणी वर आहे, या भावनेत जी ऊब आहे ती त्यात नाही. फक्त राग गेला.

समंतभद्राचार्यांनी 'स्वयंभूस्तोत्रा'त भगवान वासुपूज्यांच्या स्तुतीत गुरुजींच्या प्रश्नाला उत्तर देऊन ठेवले आहे, ते मला त्यानंतर सापडले. वीतरागाला पूजेने लाभ नाही, निंदेने रोष नाही. तरीही त्याच्या गुणांचे स्मरण करणाऱ्याचे चित्त मलापासून शुद्ध होते, असा त्याचा आशय आहे.

पुढच्या आषाढीपूर्वी गुरुजी आले, तेव्हा मी हे सर्व त्यांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "म्हणजे शेठ, तुम्ही मागत नाही. आम्हीही पंढरीला काही मागायला जात नाही. पण तो आहे, वाट पाहतो आहे, म्हणून जातो. तुमचा वाट पाहत नाही, तरी तुम्ही जाता. तुमचे काम अवघड आहे." यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते आणि ते द्यावे असे वाटलेही नाही. हिंदी येते म्हणून त्यांनी 'विश्वतत्त्वप्रकाश' वाचावयास मागितला. मी तो ग्रंथालयातून माझ्या नावावर काढून दिला. वारी होऊन दोन महिने झाले. पुस्तक अद्याप परत आलेले नाही. नोंदवहीत ते माझ्याच नावे आहे, हे ग्रंथपालांच्या माहितीसाठी येथे नमूद करतो.