उडता पक्षी आणि काळा पडदा

कबुतर उडताना पंख खाली मारते, हे आपण सगळेच पाहतो. पण त्या वेळी पंखाचे टोक पुढे जाते की मागे? नुसत्या डोळ्यांना ते कळत नाही. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ एत्येन-ज्यूल मारे (१८३०–१९०४) याला हाच प्रश्न पडला होता. पक्ष्याच्या अंगाला उपकरण बांधून, रबरी नळीतल्या हवेच्या दाबाने काजळी धरलेल्या फिरत्या नळकांड्यावर त्याने पंखांचे आलेख काढले. पण ओझे बांधलेला पक्षी मोकळेपणाने उडणार कसा?

१८७८ मध्ये मायब्रिजने अमेरिकेत धावत्या घोड्याची छायाचित्रे घेतली. तशीच पक्ष्यांची मिळतील का, असे मारेने पत्राने विचारले. १८८१ मध्ये मायब्रिज चित्रे घेऊन पॅरिसला आला. चित्रे पुसट होती, ठरावीक कालांतराने घेतलेलीही नव्हती. मारेची निराशा झाली. घोडा आखलेल्या वाटेने दोरे तोडत धावतो, पक्षी थोडाच ऐकतो!

१८८२ मध्ये मारेने छायाचित्रांची बंदूकच बनवली. नेम धरून चाप ओढला, की सेकंदाला १२ चित्रे, प्रत्येकाला १/७२० सेकंद प्रकाश. वर्गात हे गणित जरूर घालावे: सेकंदाला १० मीटर जाणारा पक्षी तेवढ्यात सुमारे १.४ सेंटिमीटर सरकतो. त्याहून वेगाने फिरणारे पंखाचे टोक पुसटणारच. शिवाय चित्रे इवलीशी, सावलीसारखी.

बंदुकीची गोष्ट सगळे सांगतात. आम्हांला मात्र त्यानंतरची युक्ती अधिक मोलाची वाटते. मारेने पांढरा पक्षी गडद काळ्या पार्श्वभूमीसमोरून उडवला. काळ्या भागातून प्रकाश जवळजवळ येतच नाही, म्हणून तीच काच पुन्हा पुन्हा उघडता येते. भिंगामागे खाचा पाडलेली चकती फिरत असे. खाच समोर आली की एक चित्र. पक्ष्याच्या सगळ्या अवस्था एकाच काचेवर उमटल्या आणि त्यांतली अंतरे मोजता आली.

अडचण होतीच. पक्षी संथ असला की चित्रे एकमेकांवर चढत. खाचा कमी कराव्यात, तर मधल्या अवस्था निसटत. म्हणून १८८८ पासून तो सरकत्या पट्टीकडे वळला. त्याआधी त्याने बाजूने, समोरून आणि वरून चित्रे घेऊन, मोजमापे जुळवून उडत्या पक्ष्याच्या ब्राँझच्या प्रतिकृतीही घडवल्या होत्या. पंख खाली येताना त्याचे टोक शरीराच्या मानाने पुढे सरकते, हे त्या चित्रांत स्पष्ट दिसते.